पडद्यावर मराठी दिसतं, फाइलमध्ये काय असतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात कोथरूडच्या एका छोट्या संस्थेचं वार्षिक १९९८ पासून निघतं. सगळे अंक डीटीपी करून, म्हणजे संगणकावर पानं लावून, छापलेले, फाइली सीडीवर जपून ठेवलेल्या. यंदा निवडक लेखांचं पुस्तक काढायचं ठरलं, फाइली उघडल्या, तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं, डॉलर, कंस आणि चौकोन. प्रश्न विचारणारे निवृत्त शिक्षक आहेत. ते म्हणतात, रोज बातमी येते की एआयला आता मराठी येतं, मग आमचं मराठी त्याला का वाचता येत नाही? युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक देणारी पद्धत, हे स्टँडर्ड आहे, तर नारायण पेठेतले ऑपरेटर अजून जुन्या फॉन्टवरच का काम करतात? आणि आमच्यासारख्यांनी या स्टँडर्डच्या भानगडीत पडावं का?

सर, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. पडावंच. तुमच्यासारख्यांनी आधीच पडायला हवं होतं, आणि आमच्यासारख्यांनी तुम्हाला वेळेवर सांगायला हवं होतं. मी १९९६ साली अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका डीटीपी सेंटरमध्ये कामाला लागले. बारा वर्षं पेजमेकर या पानं लावण्याच्या प्रोग्रॅमवर मराठी पुस्तकं लावली. त्यानंतरचा सगळा काळ सॉफ्टवेअरमधलं मराठी तपासण्यात आणि जुनं मॅटर युनिकोडमध्ये आणण्यात गेला. तुमच्यासारखी सीडी घेऊन माणसं माझ्याकडे नेहमी येतात. बहुतेकांना वाटतं फाइल ‘खराब’ झाली. तुमची फाइल खराब झालेली नाही. १९९८ साली जे साठवलं होतं तेच आजही तिच्यात जसंच्या तसं आहे. अडचण एवढीच, की तेव्हाही तिच्यात मराठी साठवलेलं नव्हतं.

हे नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. त्या काळच्या विंडोजमध्ये एका अक्षराला एक बाइट, म्हणजे सगळ्या मिळून २५६ जागा. त्यातल्या पहिल्या १२८ इंग्रजी अक्षरं, आकडे आणि विरामचिन्हांनी धरलेल्या. मराठीसाठी वेगळी सोय नव्हती. मग फॉन्ट करणाऱ्यांनी वाट काढली: इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षराचं चित्र बसवलं. कुठे क, कुठे अर्धा च, कुठे नुसता काना, कुठे रफार. ऑपरेटर कळ दाबायचा, पडद्यावर मराठी उमटायचं, प्लेटवर मराठी जायचं, पुस्तक मराठीच छापलं जायचं. संगणकाच्या लेखी मात्र तुम्ही इंग्रजी अक्षरांची अर्थहीन माळ लिहिली होती आणि तिला मराठीचा मुखवटा चढवला होता. मुखवटा म्हणजे तो फॉन्ट. नव्या मशिनवर फॉन्ट नाही, म्हणून मुखवटा गळला आणि खालची माळ दिसायला लागली.

बरं, प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. एकीचा काना जिथे, तिथे दुसरीचा अर्धा ग. माझ्या वडिलांच्या पिढीला शेर आणि पायली आठवत असेल, गावागावांचा शेर वेगळा. मेट्रिक वजनं आली तेव्हा लोकांना आधी त्रासच झाला, पण त्यानंतर मार्केट यार्डातलं किलो आणि नागपुरातलं किलो एकच झालं. मराठी अक्षरांच्या बाबतीत आपण विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत शेर-पायलीत होतो, आणि छपाईच्या धंद्यातला मोठा भाग आजही तिथेच आहे.

एक शब्द जवळून दाखवते. ‘निर्मिती’ घ्या. युनिकोडमध्ये तो आपण उच्चारतो त्या क्रमाने साठतो: न, त्याची वेलांटी, र, पाय मोडल्याची खूण, म, त्याची वेलांटी, त, दुसरी वेलांटी. एकूण आठ खुणा. जुन्या फॉन्टमध्ये तोच शब्द डोळ्यांना दिसतो त्या क्रमाने, डावीकडून उजवीकडे साठायचा: आधी वेलांटी, मग न, पुन्हा वेलांटी, मग म, त्याच्यावर रफार, मग त, दुसरी वेलांटी. म्हणजे नुसत्या खुणा बदलून भागत नाही. वेलांटी उचलून अक्षराच्या नंतर न्यावी लागते आणि रफार उचलून अक्षराच्या आधी आणावा लागतो. ‘कर्त्या’सारख्या शब्दात तो रफार काना, य आणि अर्धा त या तिघांना ओलांडून त्यांच्या आधी यायला हवा. जुन्या फॉन्टचं युनिकोड करून देणारे फुकटातले कन्व्हर्टर चुकतात ते नेमके इथे, आणि तुमच्या पुस्तकात ‘कत्र्या’ छापून येतं. हे ‘त्र्या’ प्रकरण तुम्ही वेबसाइटींवर पाहिलं असेल. ‘सर्व’चं ‘सवर्’ झालेलंही पाहिलं असेल. लिहिणाऱ्याचं शुद्धलेखन त्यात काहीच चुकलेलं नसतं.

याचा दोष त्या काळच्या लोकांवर टाकू नये असं मला मनापासून वाटतं. उलट पुण्याला यात अभिमान वाटावा असं बरंच आहे. आयआयटी कानपूरमध्ये मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केलेलं जिस्टचं, म्हणजे भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचं, काम पुढे सीडॅक या सरकारी संगणक संस्थेत आलं. सीडॅकची स्थापना १९८८ ची, इथलीच, पुणे विद्यापीठाच्या आवारातली. भारतीय लिप्यांसाठी इस्की नावाचं प्रमाण याच लोकांच्या कामातून आलं आणि १९९१ मध्ये ते भारतीय मानक म्हणून जाहीर झालं. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली, आणि तिच्यातला देवनागरीचा तक्ता इस्कीच्या १९८८ च्या मांडणीवरून घेतलेला होता. आज जगातल्या कुठल्याही फोनवर मराठी उमटतं तेव्हा त्या क्रमामागे हे काम असतं. बातम्यांत सीडॅकच्या परम महासंगणकाचं कौतुक झालं, आणि व्हायलाच हवं होतं. पण माझ्या आईला फोनवर मराठी वाचता येतं ते परममुळे नाही, या तक्त्यामुळे येतं, आणि त्याबद्दल पुण्यातही फार थोड्यांना माहीत आहे.

मग प्रमाण असून गोंधळ का झाला? कारण प्रमाण कागदावर होतं आणि रोजचं काम पेजमेकरमध्ये. पेजमेकरला इस्की कळत नव्हतं आणि युनिकोड तर शेवटपर्यंत कळलं नाही. त्याला कळायचा फक्त फॉन्ट. विंडोजमध्ये देवनागरी युनिकोडची सोय आली ती विंडोज २००० पासून, मंगल फॉन्टसह. तोपर्यंत मराठी प्रकाशनाचा सगळा व्यवहार फॉन्टवर बसला होता. हजारो पुस्तकं, दिवाळी अंक, शाळांच्या प्रश्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल.

आता एक अनुभव सांगते, कारण तुमचं काम कसं होईल याचा अंदाज त्यातून येईल. काही वर्षांपूर्वी एक बाई आल्या. यजमान वारले होते. त्यांनी पुण्यातले जुने हौद आणि कात्रजच्या नळाविषयी आयुष्यभर टिपणं काढून सुमारे तीनशे पानांचं हस्तलिखित एका सेंटरमधून टाइप करून घेतलं होतं. सेंटर बंद पडलेलं, ऑपरेटर गाव सोडून गेलेला, फॉन्टचा पत्ता नाही. हाती एक फाइल आणि पहिल्या प्रुफाची चाळीसेक पानं, ज्यांवर यजमानांच्या हिरव्या शाईतल्या दुरुस्त्या. ओळखीचे सगळे फॉन्ट लावून पाहिले. एकही बसला नाही.

मग पान आणि फाइल शेजारी ठेवून बसले. ‘हौद’ हा शब्द प्रत्येक पानावर चार-पाचदा, म्हणून ह, औचा काना-मात्रा आणि द पहिल्या तासात सापडले. ‘कात्रज’मधून क, काना, त्र आणि ज. मग ‘नळ’, ‘पेशवे’, ‘शनिवार’. असं करत तक्ता भरत गेला. क, त, र, काना अशा वारंवार येणाऱ्या खुणा दोन दिवसांत झाल्या. पुढचे दोन आठवडे गेले ते द्ध, ठ्ठ, ह्म असल्या अधूनमधून येणाऱ्या जोडाक्षरांवर. शेवटी एक खूण उरली. सबंध फाइलमध्ये ती एकदाच आली होती आणि प्रुफाच्या पानांत ती ओळच नव्हती. मी बाईंना फोन करून वाक्य वाचून दाखवलं, ती जागा मोकळी सोडून. त्या लगेच म्हणाल्या, ‘तिथे ‘वाङ्मय’ आहे. ते कुणाला ‘वाङमय’ लिहू द्यायचे नाहीत, पाय मोडलेला ङच लागायचा.’ ती खूण ङ होती. फॉन्टची फाइल कुणी एका फ्लॉपीवर ठेवली असती तर हे अठरा दिवसांचं काम एका दुपारी झालं असतं.

तुमच्या एआयच्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. हे एआय प्रोग्रॅम मराठी शिकले ते युनिकोडमध्ये लिहिलेल्या मजकुरावरून. मराठी विकिपीडिया २००३ पासून युनिकोडमध्ये आहे, म्हणून ते त्यांना वाचता येतं. तुमच्या संस्थेचं वार्षिक, त्या बाईंच्या यजमानांचं हस्तलिखित, गावोगावच्या ग्रंथालयांच्या स्मरणिका हे त्यांच्या लेखी मराठी नाहीच. बातमीत ‘मराठी शिकला’ असं येतं तेव्हा कुठलं मराठी, हे कुणी विचारत नाही. जे मराठी नीट साठवलं गेलं तेवढंच. फॉन्टमध्ये अडकून पडलेली ग्रामीण, संस्थांची, छोट्या छापखान्यांची मराठी त्यात आली नाही, आणि याची मला खरोखर खंत आहे. त्या मराठीत शेतीचे, कारागिरीचे, स्वयंपाकाचे शब्द होते. ते आपण कुणाला वाचायलाच दिले नाहीत.

आणि इथे एक धोक्याची सूचना. ही अगम्य माळ एआयला देऊन ‘याचं मराठी कर’ असं सांगू नका. तो करून देतो, आणि फार गोड करून देतो. माझ्यासमोर एकदा जुन्या अहवालाचा एक परिच्छेद असाच टाकला गेला आणि समोर अस्खलित मराठी आलं, अध्यक्षीय भाषणाला शोभेल असं. मूळ छापील अहवाल काढून पाहिला तर त्यात खर्चाचा तपशील होता. कोड त्याला कळला नव्हता, त्याने फक्त संभाव्य मराठी लिहिलं होतं. तुमच्या दिवंगत लेखकांच्या नावावर त्यांनी कधीच न लिहिलेली वाक्यं छापली जातील. तक्ता लावून अक्षराला अक्षर बदलणारा कन्व्हर्टर कितीही ओबडधोबड असला तरी त्याची चूक दिसते आणि सुधारता येते. गुळगुळीत चूक दिसत नाही.

आता युनिकोडकडे. युनिकोडमध्ये आणलं की सगळं संपलं, असं सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. मी युनिकोडची कट्टर बाजू घेते, म्हणूनच त्यातल्या खाचा सांगणं माझं काम आहे.

सर्वांत त्रासदायक खाच म्हणजे ॲ. मराठीत ॲसिड, ॲम्ब्युलन्स, ॲप, ॲडव्होकेट या सगळ्यांना तो लागतो. युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षर म्हणून तो आला २००८ साली, ५.१ आवृत्तीत. सतरा वर्षं आपण अ लिहून त्यावर अर्धचंद्र ठेवत होतो. हिंदीत ‘ऐप’ लिहितात, त्यांचं ऐने भागतं. गरज होती ती मराठीला. आता स्थिती अशी आहे की ‘ॲड.’ आणि ‘अॅड.’ हे दोन शब्द तुम्हाला सारखे दिसतील, पण पहिल्यात एक अक्षर आहे आणि दुसऱ्यात अ आणि अर्धचंद्र अशा दोन खुणा. शिवाय काही जण हिंदी कळफलकावरचा ऍ वापरतात, तो तिसरा. वकिलांच्या एका यादीत शोध घेताना मला निम्मीच नावं मिळाली होती. उरलेले सगळे दुसऱ्या ॲमध्ये बसले होते. पुस्तकाची सूची करायची असेल तर आधी सगळे एका ॲवर आणा. मी नेहमी पहिला, स्वतंत्र अक्षराचा ठेवते.

दुसरी खाच ‘दुसऱ्या’मधल्या र ची. तो जो आडव्या बारीक रेघेसारखा र आहे, ‘ऱ्हास’, ‘तऱ्हा’, ‘सुऱ्या’मधला, तो हिंदीत नसतो, मराठीला लागतो. तो दोन प्रकारे साठवता येतो: टिंबवाल्या ऱ चा पाय मोडून, किंवा साध्या र चा पाय मोडून त्याच्यापुढे एक अदृश्य जोडखूण घालून. दोन्ही छापल्यावर सारखेच. शोध मात्र एकाचा घेतलात तर दुसरा सापडत नाही. आणि काही कन्व्हर्टर ती अदृश्य खूणच गाळतात. मग ‘दऱ्या’चं ‘दर्या’ होतं, डोंगरातली दरी जाऊन समुद्र येतो, आणि शुद्धलेखन तपासणाऱ्या प्रोग्रॅमला दोन्ही शब्द बरोबर वाटतात. हे माणसानेच वाचून पकडावं लागतं.

तिसरी, अकारविल्हे लावण्याची. युनिकोडच्या तक्त्यात ळ हा ल च्या पाठोपाठ आहे, आणि क्ष म्हणजे क चंच जोडाक्षर. म्हणून संगणकाला नुसतं ‘क्रम लाव’ म्हटलं की ‘क्षीरसागर’ क मध्ये जातो आणि ‘ज्ञानेश्वर’ ज मध्ये. आपण शाळेत श, ष, स, ह, ळ, क्ष, ज्ञ असं शिकलो. एका पतसंस्थेची मतदार यादी भिंतीवर लावली होती. क्षीरसागर आडनावाचे एक गृहस्थ शेवटचं पान तीनदा बघून ‘माझं नाव कापलंय’ म्हणून चिडून परत गेले. नाव होतं, पण कौ नंतर, दुसऱ्या पानाच्या तळाशी. ज्याने यादी केली त्याने काही गैर केलं नव्हतं, भाषा मराठी आहे हे फक्त प्रोग्रॅमला सांगितलं नव्हतं. भाषावार क्रम कसा असावा याची माहिती युनिकोडच्याच सीएलडीआर नावाच्या संग्रहात ठेवलेली असते. ती वापरायची की नाही हे सॉफ्टवेअर करणाऱ्याच्या हातात.

श आणि ल विषयी थोडक्यात: मराठीचा देठाचा श आणि पाकळीचा ल हिंदीहून वेगळे दिसतात, पण त्यांचे क्रमांक एकच. कुठला आकार यावा हे फॉन्ट आणि मजकुराची भाषा ठरवते. वर्डमध्ये भाषा हिंदी लागलेली असेल आणि मग हिंदी श दिसला, तर टायपिस्टवर चिडू नका. राज्य शासनाने २००९ साली वर्णमालेचा निर्णय काढला तेव्हा हे आकारही ठरवून दिले. आकड्यांचंही असंच: ‘१९९८’ आणि इंग्रजी आकड्यांतलं तेच वर्ष शोधाला वेगळे वाटतात. एक पद्धत ठरवा आणि सबंध पुस्तकात पाळा.

तुम्ही विचाराल, हे असं कोण ठरवतं आणि आपल्याला कोण विचारतं? इथे मला बातम्यांबद्दल बोलायचं आहे. जून २०१४ मध्ये युनिकोडची ७.० आवृत्ती आली. तिच्यात २,८३४ नवी अक्षरं होती. वर्तमानपत्रांनी आणि वाहिन्यांनी दाखवले ते अडीचशे नवे इमोजी. त्याच आवृत्तीत तेवीस नव्या लिप्या आल्या आणि त्यांतली एक आपली मोडी होती. अंशुमन पांडे यांनी तिचा प्रस्ताव बांधला होता. पेशवे दफ्तर ज्या शहरात आहे, भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून ज्या शहरात मोडी कागद सांभाळतंय, तिथे त्या दिवशी निदान पहिल्या पानावर चौकट यायला हवी होती. मी तेव्हा ओळखीच्या दोन पत्रकारांना सांगितलं. त्यांना इमोजीचीच चित्रं हवी होती.

सरकारने मनावर घेतलं की काय होतं याचंही उदाहरण आहे. रुपयाचं चिन्ह जुलै २०१० मध्ये मंत्रिमंडळाने मंजूर केलं आणि ऑक्टोबर २०१० च्या युनिकोडमध्ये ते आलंसुद्धा. तीन महिने. ॲला सतरा वर्षं. रुपयामागे एक देश उभा होता. ॲमागे कोण उभं होतं, तर थोडे चिकाटीचे लोक. प्रमाणं ठरवण्याच्या बैठकीत जो जातो त्याच्या भाषेचं काम होतं. विद्यापीठांचे मराठी विभाग, साहित्य परिषद, मुद्रक, शिक्षक यांनी आपली माणसं तिथे पाठवायला हवीत, निदान आपल्या अडचणी लेखी कळवायला हव्यात. अभिजात दर्जा २०२४ मध्ये मिळाला, त्याचा आनंद मलाही झाला. आता त्यातला थोडा पैसा आणि वेळ या कंटाळवाण्या कामाला मिळावा.

सामान्य माणसाचं काय बिघडतं, हेही विचारलं जातं. साधा एसएमएस घ्या. इंग्रजी अक्षरांत एका एसएमएसमध्ये १६० खुणा मावतात, मराठीत लिहिलात तर ७०, आणि काना-मात्रा-वेलांटी प्रत्येकी एक खूण मोजली जाते. मोबाइलची ही पद्धत ठरली तेव्हा त्या टेबलावर आपण नव्हतो. म्हणून पाणी बंद असल्याचा निरोप मराठीत पाठवायला दुप्पट-तिप्पट खर्च येतो, आणि मग कार्यालयं ‘उद्या पाणी येणार नाही’ हे रोमन लिपीत पाठवतात. ते वाचताना माझी आई प्रत्येक वेळी मला हाक मारते.

आता नारायण पेठेतला ऑपरेटर. त्याच्यावर रागावू नका, सर. त्याने टायपिंग शिकलं ते टाइपरायटरच्या कळफलकावर, परीक्षा दिली तीही त्यावर. बोटं तिथे बसली आहेत. त्याला पानामागे पैसे मिळतात, आणि नव्या कळफलकावर पहिले दोन महिने त्याची पानं निम्मी होतात, म्हणजे घरात येणारा पैसा निम्मा होतो. लग्नपत्रिकेला लागणारे वळणदार फॉन्ट त्याच्याकडे जुनेच आहेत. त्याच्या जागी मी होते तेव्हा मीही बदलायला चार वर्षं घेतली. त्याला एवढंच सांगा, की टाइपरायटरचाच कळफलक ठेवून युनिकोडमध्ये टाइप करता येतं, बोटं बदलायची गरज नाही. हे पुष्कळ जणांना माहीतच नसतं. इनडिझाइन हा पानं लावण्याचा प्रोग्रॅम सीएस६ आवृत्तीपासून देवनागरी सांभाळतो, फक्त परिच्छेदाचा कंपोझर वर्ल्ड-रेडी लावावा लागतो, नाहीतर वेलांटी सुटी पडते. आणि चांगले मोफत फॉन्टही आहेत: मुक्ता, बालू, शोभिका, टिरो देवनागरी मराठी. पुस्तकाच्या मजकुराला मी टिरो किंवा शोभिका लावते. फक्त पानाला जास्तीचे दोन रुपये त्या दोन महिन्यांसाठी तुम्ही द्या. संस्थेला ते परवडतं, ऑपरेटरला दोन महिने निम्मं काम परवडत नाही.

काम देताना एक अट लेखी घाला: छापखान्याला जाणारी कर्व्ह केलेली पीडीएफ वेगळी आणि संस्थेकडे राहणारी फाइल वेगळी. छापखाने ‘फाइल कर्व्ह करून पाठवा’ म्हणतात कारण फॉन्ट उडण्याची भीती नको. त्यांच्या जागी ते बरोबर आहेत. पण कर्व्ह केल्यावर अक्षरांचे नुसते आकार उरतात, मजकूर उरत नाही. अनेक संस्थांकडे आज तीच एक फाइल शिल्लक आहे. ती असेल तर आता ओसीआर, म्हणजे पानाच्या चित्रावरून संगणकाने अक्षरं ओळखणं, हाच मार्ग. टेसरॅक्ट नावाचा मोफत प्रोग्रॅम मराठी वाचतो, छपाई स्वच्छ असेल तर बऱ्यापैकी वाचतो. प्रूफ मात्र शब्दन् शब्द बघावं लागतं.

तुमच्या बाबतीत ओसीआरची वेळ येणार नाही असं वाटतं, कारण मूळ फाइली आहेत. करा असं. सीडीवरचं सगळं आधी दोन ठिकाणी उतरवून घ्या, मूळ फाइलला हात लावू नका. कुठल्या वर्षी कुठल्या सेंटरमध्ये काम झालं याची यादी करा, कारण सेंटर बदललं की फॉन्ट बदललेला असतो, आणि पंचवीस वर्षांत तो तीन-चारदा तरी बदलला असणार. प्रत्येक फॉन्टचं एकच पान आधी बदलून बघा. त्या पानात ‘निर्मिती’, ‘कर्त्या’, ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’, ‘वाङ्मय’, ‘उद्घाटन’, ‘शृंगार’, ‘ॲड.’, ‘ज्ञानेश्वर’ असे शब्द असतील तर उत्तम, नसतील तर दुसरी पानं निवडा. हे शब्द बरोबर उतरले तर बाकीचं बहुतेक उतरतं. मग छापील अंक हातात धरून वाचायला दोन माणसं बसवा, एक मोठ्याने वाचणार आणि एक पडद्यावर बघणार. तुमच्या निवृत्त सहकाऱ्यांपेक्षा हे काम चांगलं कुणी करणार नाही.

आणि उद्या सकाळी सगळ्यात आधी संस्थेचा जुना संगणक कुठे आहे ते बघा. कार्यालयाच्या माळ्यावर, कुणाच्या गॅलरीत, कार्यवाहांच्या जुन्या घरी. तो चालू होत नसेल तरी त्यातली हार्ड डिस्क काढून घ्या. विंडोजच्या फोल्डरमध्ये फॉन्ट्स नावाचं फोल्डर असतं, ते पूर्ण उतरवून घ्या, नावं कळली नाहीत तरी चालेल. ते घेऊन या, पण भंगारवाला येण्याआधी.